काजळीतला उजेड

परळच्या एका शाळेतील विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला आला होता. नववीच्या तीन मुलींच्या टेबलाभोवती सर्वांत जास्त गर्दी होती. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधार केला होता आणि आत दोन बाटल्या ठेवल्या होत्या. नोटा तपासण्याच्या लहान दिव्याचे अतिनील किरण सोडले, की एक बाटली लाल चमके आणि दुसरी फिकट निळसर. पहिलीत कोथिंबिरीचा स्पिरिटमध्ये काढलेला अर्क होता. दुसरीत साखर करपवून, ती पाण्यात विरघळवून आणि गाळून केलेले पातळ द्रावण होते. मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'कार्बनचे चमकणारे सूक्ष्म कण. यांनी कर्करोग शोधता येतो. नैसर्गिक असल्याने संपूर्ण सुरक्षित.'

मुलींनी उत्तरे छान दिली. आम्ही पुढच्या टेबलाकडे वळणार, तोच मागे उभे असलेले एक गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "सर, हे औषध टाटाला मिळतं का? आमच्या घरी पेशंट आहे."

ती शाळा टाटा रुग्णालयापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. गावाहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक त्या परिसरात पदपथावर मुक्काम करून असतात, हे परळकरांना सांगायला नको. अशा ठिकाणी 'कर्करोग शोधता येतो' हे तीन शब्द तक्त्यावरच राहत नाहीत. म्हणून त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधणे आम्हाला आवश्यक वाटले. ते शोधताना इतिहासात दोन वाटा दिसतात. एक वाट काजळीपासून सुरू होते, दुसरी परळच्याच एका इमारतीतून जाते.

चमकणे दुर्मीळ नाही

आधी चमकण्याविषयी. १८४५ साली जॉन हर्शेल यांनी क्विनाइनच्या द्रावणाच्या पृष्ठभागावर सूर्यप्रकाशात उमटणारी निळी झाक नोंदवली. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी तिचा उलगडा केला. पदार्थ डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतो आणि त्यातील थोडी ऊर्जा गमावून उरलेली दृश्य प्रकाशाच्या रूपाने परत देतो. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. दिवा बंद होताच ती जवळजवळ तत्क्षणी थांबते.

प्रतिदीप्ती आपल्या घरात भरपूर आहे. स्पिरिटमध्ये हळद ढवळून गाळली, तर गाळलेले द्रावण अतिनील दिव्याखाली पिवळसर हिरवे चमकते. धुतलेला पांढरा सदरा कपड्याच्या साबणातील द्रव्यामुळे निळा उजळतो. हिरव्या पानांच्या अर्कातील हरितद्रव्य लाल चमकते. तेव्हा मुलींच्या पहिल्या बाटलीतला लाल रंग कार्बनच्या कणांचा नव्हताच, तो कोथिंबिरीतल्या हरितद्रव्याचा होता. बाटली चमकली एवढ्यावरून आत काय आहे हे ठरत नाही. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवून आपण काजळीकडे वळू.

काजळीची वाट

कार्बनची हिरा आणि ग्रॅफाइट ही दोन रूपे शाळेत शिकवली जातात. १९८५ साली त्यात साठ अणूंच्या पोकळ चेंडूची, म्हणजे फुलरीनची भर पडली. १९९१ साली सुमिओ इजिमा यांनी जपानमध्ये कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे वर्णन केले. त्यांची मापे नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजतात.

या घडामोडींत मुंबईचा एक धागा आहे आणि तो देवघरातल्या वस्तूशी जोडलेला आहे. पवईच्या आयआयटीत महेश्वर शरण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापूर जाळून मिळणाऱ्या काजळीत फुलरीन शोधले. त्यांचा निबंध १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकातच कापराचा उल्लेख 'नैसर्गिक स्रोत' असा होता. कार्बनचे नवे रूप मिळवण्यासाठी खनिज तेलाकडे किंवा महागड्या ग्रॅफाइटकडेच जायला हवे असे नाही, वनस्पतीतून येणारा कार्बनही चालतो, हा विचार आपल्याकडे असा लवकर आला.

चमकणारे कण मात्र योगायोगाने सापडले. २००४ साली अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना विद्यापीठात वॉल्टर स्क्रिव्हन्स आणि सहकारी कार्बनच्या नळ्या शुद्ध करत होते. विद्युत ठिणगीने तयार झालेली काजळी त्यांनी नायट्रिक आम्लात उकळली आणि तिच्यातील घटक जेलमधून विद्युत दाबाने वेगळे केले. नळ्या मागे राहिल्या आणि एक पट्टा भराभर पुढे सरकला. अतिनील प्रकाशात तो चमकत होता. तो आणखी वेगळा केल्यावर निळसर हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे रंग मिळाले. नको असलेली घाण म्हणून टाकून देण्याजोगा तो भाग होता. २००६ साली क्लेमसन विद्यापीठातील या-पिंग सुन यांच्या गटाने अशा कणांच्या पृष्ठभागावर बहुवारिकाचे आवरण चढवले. त्यामुळे चमक बरीच वाढली. या गटाने वापरलेले 'कार्बन डॉट' हे नाव पुढे रूढ झाले. आपण त्यांना कार्बन बिंदू म्हणू.

पुढच्याच वर्षी, २००७ साली, पर्ड्यू विद्यापीठात हे बिंदू मेणबत्तीच्या काजळीतून काढण्यात आले. मग स्वयंपाकघरच उघडले. २०१२ साली राउरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी संत्र्याचा रस बंद पात्रात १२० अंश सेल्सिअसला तापवून १.५ ते ४.५ नॅनोमीटरचे बिंदू मिळवले आणि काचपात्रात वाढवलेल्या पेशी त्यांनी उजळून दाखवल्या. त्याच वर्षी गुवाहाटीच्या आयआयटीतील गटाने पाव, गूळ, करपवलेली साखर, कॉर्नफ्लेक्स आणि बिस्किटे यांतही कार्बनचे चमकणारे सूक्ष्म कण असल्याचे दाखवले. २०१५ साली रुरकीच्या आयआयटीत कोथिंबिरीची पाने पाण्यासह बंद पात्रात २४० अंशांना काही तास तापवून बिंदू तयार करण्यात आले. मुलींच्या कोथिंबिरीचे मूळ बहुधा इथे होते. फरक एवढाच, की त्यांच्या अर्काला तो ताप मिळालेला नव्हता.

रस किंवा साखर तापवल्यावर होते काय? शर्करा आणि आम्लांच्या रेणूंतून पाण्याचे रेणू निघून जातात, उरलेले तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि काही हजार अणूंचे कार्बनचे गोळे तयार होतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट लटकलेले राहतात, म्हणून ते पाण्यात मिसळतात. रंग कणाच्या गाभ्यातून येतो, पृष्ठभागावरून येतो, की सोबत तयार झालेल्या लहान रेणूंतून, यावर संशोधकांत बराच वाद झाला. काही पाककृतींत चमकीचा मोठा वाटा अशा लहान रेणूंचाच असल्याचे पुढे सिद्ध झाले. म्हणून आज चांगल्या प्रयोगशाळेत अर्धपारगम्य पिशवीत द्रावण ठेवून लहान रेणू आधी बाहेर काढतात आणि मगच चमक मोजतात.

एवढा उत्साह कशासाठी? १९९८ पासून जीवशास्त्रज्ञ पेशी रंगवण्यासाठी कॅडमियम सेलेनाइडचे पुंज-बिंदू वापरू लागले होते. पुंज-बिंदूंच्या मूळ शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची चमक उत्तम, पण कॅडमियम विषारी. त्याच्या जागी कार्बन आला तर बरे, ही इच्छा रास्तच होती. प्रश्न असा, की विषारी धातू नाही एवढ्याने कण शरीरात सोडण्यालायक होतो का? यासाठी दुसरी वाट पाहू.

परळची वाट

टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे आले. तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी १९५६ साली आणि सायरस १९६० साली सुरू झाली होती. त्यांतून किरणोत्सारी समस्थानिके मिळू लागली होती. ती रुग्णांच्या उपयोगात आणण्यासाठी १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. शरीर न उघडता आतल्या अवयवाचे काम पाहण्याची विद्या आपल्या देशात रुजवण्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे.

या विद्येमागची कल्पना हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज हेवेशी यांची. १९२३ साली त्यांनी शेंगवर्गीय रोपाला किरणोत्सारी शिसे मिसळलेले पाणी दिले आणि ते रोपात कुठवर चढते याचा किरणांवरून माग काढला. या कामासाठी त्यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाठवलेला अणू स्वतःच आपला ठावठिकाणा कळवतो, अशी ही युक्ती होती.

थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागते आणि ते ती रक्तातून स्वतः ओढून घेते. किरणोत्सारी आयोडीन साध्या आयोडीनहून तिला वेगळे ओळखता येत नाही. म्हणून रुग्णाला आयोडीन-१३१ ची अल्प मात्रा पाजली, की ते आपोआप गळ्यातल्या ग्रंथीत जमते. त्यातून निघणारे गॅमा किरण मांस भेदून बाहेर येतात आणि बाहेरचे यंत्र ते मोजते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे, म्हणजे दर ८ दिवसांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या टेक्निशियम-९९एम चे अर्धायुष्य अवघे ६ तासांचे आहे.

२००२ साली याच केंद्रात देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आले. त्यात तयार होणारे फ्लोरिन-१८ ग्लुकोजसारख्या रेणूला जोडतात. अनेक कर्करोगाच्या पेशी ग्लुकोजचा अधाशासारखा वापर करतात, त्यामुळे तो रेणू त्यांच्याकडे जास्त जमतो आणि पेट चित्रणात ती जागा उठून दिसते. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे. लांबून आणेपर्यंत ते संपू लागते. म्हणूनच ते यंत्र रुग्णांच्या इतके जवळ, भर वस्तीच्या परळमध्ये बसवावे लागले.

या इतिहासातून तीन कसोट्या निघतात. कणाला पत्ता माहीत हवा. त्याचा निरोप शरीराबाहेर पोहोचायला हवा. आणि काम झाल्यावर तो निघून जायला हवा किंवा निष्प्रभ व्हायला हवा. आयोडीन तिन्ही कसोट्यांना उतरले, म्हणून ते रुग्णालयात गेले.

कार्बन बिंदू कसोटीवर

पहिली कसोटी पत्त्याची. संत्र्याच्या रसातून निघालेल्या बिंदूला कर्करोगाची गाठ ओळखता येत नाही. काचपात्रातील कर्करोगाच्या पेशी तो उजळवतो, तसा निरोगी पेशीही उजळवतो. आसपास दुसरे काही नसल्याने तिथे तो फसतो असे दिसत नाही एवढेच. त्याला पत्ता द्यायचा तर गाठीवरील विशिष्ट प्रथिनाला चिकटणारा रेणू त्याच्या पृष्ठभागावर जोडावा लागतो. तसे प्रयत्न चालू आहेत.

दुसरी कसोटी निरोपाची. वर्गात करता येईल असा प्रयोग आहे. अंधारात पांढऱ्या प्रकाशाची विजेरी तळहाताखाली घट्ट धरा. हाताच्या वरच्या बाजूने फक्त लाल प्रकाश दिसेल. निळा आणि हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन व ऊती वाटेतच शोषून आणि विखरून टाकतात. बहुतेक कार्बन बिंदू निळे वा हिरवे चमकतात. पोटातल्या अवयवातला असा उजेड त्वचेपर्यंत येत नाही, शिवाय त्याला उजळवणारा अतिनील किरणही आत पोहोचत नाही. म्हणून संशोधकांची धडपड आता लाल आणि अवरक्त प्रकाश देणारे बिंदू करण्यासाठी आहे, आणि उंदरांवरील प्रयोगांत त्याला काही यश आले आहे. माणसात मात्र उजेडाचा उपयोग खोल अवयवांपेक्षा उघड्या जागी जास्त शक्य आहे. डोळ्याचा पडदा पाहताना आणि शस्त्रक्रियेत रक्तप्रवाह दाखवण्यासाठी प्रतिदीप्त रंग आजही वापरतात. त्यांपैकी इंडोसायनिन ग्रीन या रंगाला अमेरिकेत १९५९ सालीच मान्यता मिळाली होती.

तिसरी कसोटी निघून जाण्याची, आणि इथे इतिहासाने जबर किंमत वसूल केली आहे. १९३० च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचे औषध प्रचारात आले. थोरियम ऑक्साइडचे काही नॅनोमीटरचे कण पाण्यात लोंबते ठेवून ते बनवीत. ते रक्तात टोचले, की क्ष-किरण चित्रात रक्तवाहिन्या सुरेख उमटत. रुग्णाला त्या वेळी काही त्रासही होत नसे. थोरियम हे मूलद्रव्य नैसर्गिकच. आपल्या केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत ते सापडते. पण ते कण मूत्रावाटे निघून गेले नाहीत. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत ते जन्मभर साठून राहिले आणि मंद किरण सोडत राहिले. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांत यकृताचे कर्करोग दिसू लागले. चित्र उत्तम मिळाले होते, कण सुरक्षित आहे असे मात्र त्यावरून ठरत नव्हते. १९५० च्या दशकात त्याचा वापर थांबला.

कार्बन बिंदू किरणोत्सारी नाहीत, त्यामुळे त्यांची तुलना थेट थोरोट्रास्टशी करणे अन्यायाचे होईल. पण कण कुठे जातो आणि किती दिवस राहतो, हे विचारण्याची सवय तिथून लागली. २००७ साली उंदीर-घुशींवरील प्रयोगांत असे दिसले, की साधारण ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान पुंज-बिंदू मूत्रपिंडातून गाळून बाहेर जातात आणि मोठे मागे राहतात. कार्बन बिंदू मुळात लहान असतात ही जमेची बाजू. पण पत्त्यासाठी त्यावर रेणू चढवला की त्याचे आकारमान वाढते. एक कसोटी सोडवताना दुसरी अडते, ती अशी.

परळलाच घडवलेल्या औषधाचा आणखी एक धडा आहे. प्लेगची लस बनवणारी वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल गावी या लशीच्या एका बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. बाटली परळला नव्हे, तर गावात उघडताना दूषित झाली असावी असे पुराव्यांवरून पुढे आले आणि १९०७ साली ते दोषमुक्त झाले. हजारो लोकांचे प्राण वाचवणाऱ्या लशीचीही ही कथा. शरीरात जाणारी वस्तू शेवटच्या सुईपर्यंत तपासावी लागते. दर हंगामात, दर जातीच्या संत्र्यात साखर आणि आम्ल वेगळे असते. मग प्रत्येक खेपेचे बिंदू सारखेच निघतील याची हमी कोण देणार? नैसर्गिक स्रोत स्वस्त असतो, पण एकसारखा नसतो, ही गोष्ट तक्त्यावर कोणी लिहीत नाही.

दोन वाटा एकत्र

या दोन वाटा एका ठिकाणी मिळाल्या आहेत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्या द्रव्याचे, सहा-सात नॅनोमीटरचे प्रतिदीप्त कण तयार करण्यात आले. त्यांच्या आत रंगाचा रेणू असतो आणि पृष्ठभागावर गाठीचा पत्ता. २०१४ साली न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील डॉक्टरांनी त्यांचा पहिला मानवी प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्ण होते फक्त ५. कण शरीरात कुठे जातात आणि केव्हा बाहेर पडतात, एवढेच पाहायचे होते. आणि हे पाहण्यासाठी त्या चमकणाऱ्या कणांना काय जोडले होते? किरणोत्सारी आयोडीन. उजेड आतून बाहेर येणार नाही हे ठाऊक असल्याने गॅमा किरणांचाच आधार घेतला गेला. कण बऱ्याच अंशी मूत्रावाटे निघून गेले. १९६३ पासून परळला जो हिशेब शिकवला जातो, तोच तिथेही कामी आला.

कार्बन बिंदूंना अजून रुग्णालयात नित्याच्या वापरात स्थान मिळालेले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्यासाठी, पाण्यातील लोहासारखे आयन ओळखण्यासाठी ते उपयोगी पडत आहेत, आणि हे उपयोग कमी मोलाचे नाहीत. पुढे ते शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जातीलही. पण त्या वाटेवर कोथिंबीर नैसर्गिक आहे हे प्रमाणपत्र चालणार नाही.

त्या दिवशी त्या गृहस्थांना आम्ही सरळ सांगितले, "नाही, हे औषध नाही. टाटाला मिळत नाही आणि आणखी कुठे कोणी देतो म्हणाला तर घेऊ नका. तिथले डॉक्टर जी तपासणी सांगतील ती वेळेवर करा." ते म्हणाले, "पेटची तारीख मिळालीय, पुढच्या सोमवारची." आम्ही म्हणालो, "मग ती चुकवू नका." फ्लोरिन-१८ ची आणि त्या ११० मिनिटांची गोष्ट आम्ही त्यांना थोडक्यात सांगितली. ती त्यांनी लक्ष देऊन ऐकली.

मग मुलींजवळ बसलो. त्या हिरमुसतील असे वाटले होते, पण त्यांनी प्रश्नांचा मारा केला. कोथिंबिरीचा लाल रंग हरितद्रव्याचा, हे कसे ओळखायचे? आम्ही सुचवले, की पालकाचा अर्कही करून पाहा, तोही तसाच लाल दिसतो का ते पाहा. साखरेच्या बाटलीशेजारी न करपवलेल्या साखरेचे पाणी ठेवा. ते चमकत नसेल, तर करपल्यामुळे काहीतरी नवे तयार झाले एवढे तरी म्हणता येईल. ते कणच आहेत असे म्हणायला मात्र अधिक प्रयोग लागतील. शिक्षकांनी पाक करपवण्याचे काम स्वतः करावे, स्पिरिट ज्योतीपासून दूर ठेवावे आणि अतिनील दिवा कोणाच्याही डोळ्यांवर पडू देऊ नये.

दुपारी निकाल लावण्यासाठी पुन्हा फेरी मारली, तेव्हा टेबलावर चार बाटल्या होत्या. तक्त्यावरचे शेवटचे वाक्य खोडलेले होते आणि त्याखाली पेन्सिलीने लिहिले होते : 'हे कण कुठे जातील? बाहेर दिसतील का? शरीरातून निघतील का?' त्या तक्त्याला आम्ही सकाळपेक्षा जास्त गुण दिले.